गिरणगावातली तिशी

मुंबईच्या कापड गिरणीत कामगाराच्या आयुष्याचे टप्पे जवळजवळ ठरलेले होते. सोळा-अठराव्या वर्षी कोकणातून किंवा घाटावरून कोणा नातेवाइकाच्या मागे तो मुंबईला येई, विशीतली वर्षे बदली कामगार म्हणून काढी आणि तिशीच्या आसपास कायम होई. म्हणून दुसरा धंदा धरावा का, हा प्रश्न तिशीत उभा राहिला तर त्याच्यासाठी तो सर्वांत महागडा असे. ज्या नोकरीसाठी तारुण्य घातले, ती तेव्हा नुकती कुठे हातात आलेली असे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतली पहिली सूतगिरणी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला तिचे काम सुरू झाले. तिथपासून १९८२ च्या संपापर्यंतच्या सव्वाशे वर्षांत लाखो माणसांनी हा प्रश्न आपापल्या परीने सोडवला. बहुतेकांनी तो गिरणीत राहूनच सोडवला. १९८२ नंतरच्या पिढीला ती सोय उरली नाही.

बदली म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी उभा राहणारा माणूस. भोंगा होण्याआधी तो गिरणीच्या दाराशी येऊन थांबे. पाळी सुरू झाली की खात्यात कोण आले नाही हे मुकादम पाही आणि रिकाम्या जागांवर बदल्या भरी. ज्याला काम मिळाले त्याची त्या दिवसाची हजेरी लागे. ज्याला मिळाले नाही तो डबा तसाच घेऊन खोलीवर परते आणि पुढच्या पाळीला पुन्हा येई. मुकादमाच्या हातात ही निवड असल्यामुळे दस्तुरी, उसनवारी, मुकादमाच्या ओळखीच्याच खानावळीत जेवण्याची सक्ती असे सगळे प्रकार चालत. मुकादमाचा हा अधिकार आवरण्यासाठी गिरणीमालकांच्या संघटनेने १९३५ मध्ये बदली नियंत्रणाची पद्धत आणली. दर महिन्याच्या सुरुवातीला ठराविक माणसांना बदलीची कार्डे द्यायची आणि रिकामी जागा त्यांच्यातूनच भरायची, अशी ती पद्धत होती. तिने निवडीला थोडी शिस्त आली. वाट पाहणे मात्र संपले नाही. आठ-दहा वर्षे बदली भरणारी माणसे गिरणगावात नवलाची नव्हती.

या व्यवस्थेचा हिशेब मालकांच्या बाजूने सरळ होता. गावाकडे लावणीला, गणपतीला, शिमग्याला आणि लग्नसराईत माणसे जाणारच, तेव्हा यंत्रे बंद पडू नयेत यासाठी हाताशी जादा माणसे हवीत. कामगाराच्या बाजूने मात्र तिचा अर्थ वेगळा होता. वयाची सर्वांत ताकदीची वर्षे तो आशेवर काढी, आणि जितकी वर्षे आशेत जात तितके ती सोडणे अवघड होई. सहा वर्षे बदली भरलेला माणूस सातव्या वर्षी दुसरीकडे गेला, तर त्याची सहा वर्षे पाण्यात जात. गावाकडच्यांना ही गोष्ट मनीऑर्डरच्या आकड्यावरून कळे. कायम झाल्यावर तो आकडा स्थिर होई आणि मगच घरात मुलाच्या लग्नाचा विषय निघे.

कायम झालेल्याचा मान त्याच्या खात्यावर ठरे. साचाखाते, म्हणजे विणाईचा विभाग, सर्वांत वरचा. सांचेवाला सामान्यतः दोन साचे सांभाळी. त्याला ताणा-बाणा कळावा लागे. तुटलेला धागा कुठे आहे हे कापडावर दिसण्याआधी आवाजावरून ओळखावे लागे. शेकडो साच्यांच्या खडखडाटात बोलणे अशक्य असल्यामुळे सांचेवाले हातवारे आणि ओठांच्या हालचालींवर बोलत. सूत तुटू नये म्हणून खात्यात हवा दमट ठेवलेली असे. सूतकताईच्या बाजूला कापसाचा कण हवेत तरंगत राही आणि वर्षानुवर्षे तो श्वासात जाऊन छाती धरे; वैद्यकात त्या रोगाला बायसिनोसिस म्हणतात. हे सगळे सोसून मिळवलेले कसब खरे कसब होते, यात शंका नाही. पण ते साच्याशी बांधलेले होते. लेथ चालवणारा फिटर एका कारखान्यातून दुसऱ्यात जाऊ शकतो. सांचेवाल्याचा हात मात्र साचा असेल तिथेच चाले, आणि मुंबईतले साचे होते ते परळ, लालबाग, शिवडी, वरळी, डिलाइल रोड या चार-सहा मैलांच्या पट्ट्यात.

गिरणीच्या आतही धंदा बदलणे सर्वांना सारखे खुले नव्हते. धोट्यात, म्हणजे साच्यावर आडवा धागा नेणाऱ्या साधनात, नवी कांडी बसवली की सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच धोट्याला अनेकांचे तोंड लागणार, म्हणून सवर्ण सांचेवाले अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचाखात्यात येऊ देत नसत. विणाईत मजुरी जास्त मिळे आणि त्या मजुरीची वाट जातीने बंद केलेली होती. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला आणि संपाच्या मागण्यांत त्याचा समावेश व्हावा असा आग्रह धरला. या बंदीमुळे दलित कामगाराच्या तिशीचे गणित सांचेवाल्याहून निराळे होते. रिंगखात्यात, म्हणजे सूतकताईच्या विभागात, कायम झाला तरी त्याच्यापुढे वर चढण्याची पायरी नव्हती.

गिरणी सोडण्याचा जुना, सर्वमान्य मार्ग गावाकडे जाई. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून आलेल्या बहुतेक कामगारांचे घर दोन ठिकाणी होते. खोली मुंबईत, चूल गावात. मुंबईच्या खोलीत एकाच गावचे दहा-पंधरा पुरुष पाळीपाळीने झोपत. तिसऱ्या पाळीचा माणूस घरी आला की पहिल्या पाळीच्या माणसाची जागा त्याला मिळे. बायको-मुले गावी शेत सांभाळत. १८९६ च्या प्लेगमध्ये माणसे गावी पळाली, १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात गावी जाऊन राहिली, आणि चाळिशी-पन्नाशीत छाती धरली तेव्हाही गावीच परतली. पण हा मार्ग तिशीतल्या माणसाच्या उपयोगाचा नव्हता. भावांत वाटणी झालेल्या कोकणातल्या जमिनीवर पूर्ण कुटुंब पोसणे शक्य असते, तर तो मुंबईला आलाच नसता. गाव हा त्याचा अडचणीचा आधार होता; धंदा म्हणून गाव पुरेसे नव्हते.

स्त्री कामगारांना मात्र धंदा बदलावा का, असे कोणी विचारलेच नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचातली एक कामगार स्त्री होती, बहुतेक कांडी आणि रीळ भरण्याच्या खात्यांत. रात्रपाळीवर बंदी, १९२९ चा प्रसूतिलाभाचा कायदा आणि नवी यंत्रे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर मालकांनी स्त्रियांच्या जागा हळूहळू कमी केल्या. स्त्रियांच्या रक्षणासाठी केलेले नियम त्यांनाच कामावरून दूर करण्याचे निमित्त ठरले, ही या इतिहासातली फार खेदाची गोष्ट आहे. गिरणीतून बाहेर पडलेल्या किंवा नवरा आजारी पडलेल्या कितीतरी बायकांनी खानावळ काढली. खानावळ हा शब्द मोठा; प्रत्यक्षात दहा बाय दहाच्या खोलीत पहाटे चारला पेटलेला स्टोव्ह, पंधरा-वीस कामगारांचे डबे आणि भिंतीला लावलेली उधारीची वही, एवढाच तिचा पसारा. किराणा उधार आणायचा, महिन्याच्या पगाराला पैसे वसूल करायचे आणि सावकाराचे व्याज भागवायचे. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते याच बायकांना बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी. जामीन नसलेल्या बायकांच्या कामाला धंदा म्हणून मान्यता मिळाली ती तिथे.

स्वतःहून, आणि तिशीतच, धंदा बदललेले सर्वांत परिचित नाव कवी नारायण सुर्वे यांचे आहे. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने सांभाळलेले हे अनाथ मूल गिरणगावातच वाढले. हॉटेलात पोऱ्या, घरगडी, गिरणी कामगार अशी कामे करत त्यांनी शिक्षण पुढे नेले आणि महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई व नंतर, पस्तिशीच्या आसपास, शिक्षक झाले. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा त्यांचा पहिला कवितासंग्रह १९६२ मध्ये आला. त्यांच्या या बदलात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे: शिपायाची नोकरी पगाराने फार मोठी नव्हती, पण ती पक्की होती आणि शाळेच्या आवारात होती. धंदा बदलताना त्यांनी एकदम उडी मारली नाही, मधे एक पायरी घेतली. गिरणगावातून बाहेर पडणाऱ्या पुष्कळांनी हेच केले. महापालिका, बेस्ट, रेल्वेची वर्कशॉपे, गोदी या ठिकाणची नोकरी मिळाली तर गिरणी सोडण्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. अडचण वयाची होती. सरकारी आणि निमसरकारी नोकऱ्यांना वयोमर्यादा असे, आणि बदलीची वर्षे संपून माणूस भानावर येई तोवर ती मर्यादा ओलांडलेली असे. म्हणून ही वाट बापाऐवजी मुलाने धरावी, असे घरोघरी ठरे. मुलाला मॅट्रिक करायचे, टायपिंग शिकवायचे आणि गिरणीच्या दाराकडे फिरकू द्यायचे नाही.

१९८१ च्या दिवाळीत बोनसच्या प्रश्नावरून काही गिरण्या बंद पडल्या. राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली मान्यता असलेली एकमेव संघटना होती. वाटाघाटीचा अधिकार तिचाच. तिच्यावर विश्वास न उरलेले कामगार दुसरे कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गेले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे साठ गिरण्या आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणे आणि तो कायदा रद्द करणे या मुख्य मागण्या होत्या. म्हणजे बदलीच्या व्यवस्थेत वर्षे घालवलेल्या माणसाची तक्रार या संपाच्या गाभ्यात होती, आणि हे पुरेसे लिहिले गेलेले नाही. संप हरला तेव्हा सर्वांत मोठा तोटाही त्याच वयाच्या माणसांचा झाला.

हा संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. गिरणगावातल्या तिशीचा पुढचा इतिहास समजून घ्यायला ही एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. संप मोडला असे जाहीर झाले असते, तर माणसांनी दुःख करून पुढची वाट धरली असती. तसे न झाल्यामुळे जे काम हाती घेतले ते ‘तात्पुरते’ म्हणूनच घेतले गेले. संप मिटेपर्यंत भाजीची गाडी, संप मिटेपर्यंत वॉचमनची नोकरी. परत जाणे म्हणजे चाळीतल्या शेजाऱ्याशी, गावमंडळाशी, संघटनेशी दगा. कायमचे निघून जाणे म्हणजे हक्काची नोकरी आपणहून सोडणे. या दोन्हींच्या मधे लोक उभे राहिले. डिसेंबर १९८४ च्या निवडणुकीत दत्ता सामंत अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. संपाला तीन वर्षे होत आली तरी गिरणगावाने आशा सोडली नव्हती. तोवर एक लाखाच्या आसपास कामगारांच्या नोकऱ्या कायमच्या गेल्या होत्या.

जे दुसऱ्या कामाला लागले, त्यांतल्या काहींनी साच्याचे कसब टिकवायचा प्रयत्न केला. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी इथे यंत्रमागांचा धंदा तेव्हा वाढत होता, आणि गिरण्यांचे कापडही मालक तिथून विणून घेऊ लागले होते. परळचा सांचेवाला भिवंडीत जाऊन यंत्रमागावर उभा राहिला तेव्हा त्याचा हात चालला, पण पाळी आठ तासांची राहिली नाही आणि भविष्यनिर्वाह निधी, वैद्यकीय विमा, रजा हे सगळे गेले. आपण संपात असताना आपल्याच गिरणीचे कापड आपल्याच हाताने दुसरीकडे विणतो आहोत, याची जाणीव त्याला होती. फार थोडे तिथे टिकले.

बाकीच्यांनी हाताला येईल ते धरले. गिरणगावातल्या रस्त्यांवर वडापावच्या गाड्या वाढल्या त्या याच काळात. ऑटोरिक्षा चालवायची तर उपनगरात जावे लागे, कारण मुंबई शहराच्या जुन्या हद्दीत रिक्षाला परवानगी नाही; लालबागचा माणूस पहाटे लोकल पकडून कांदिवलीला किंवा भांडुपला रिक्षा घ्यायला जाई. कोणी गणपतीच्या हंगामात मखरे केली, कोणी वर्तमानपत्रे टाकली, कोणी ऑफिसच्या दारावर शिक्का मारायला बसला. या सगळ्या कामांत गिरणीतली पंधरा वर्षे कुठेच मोजली जात नव्हती. अठरा वर्षांचा पोरगा आणि पस्तीस वर्षांचा सांचेवाला एकाच पगारावर वॉचमन होत. घर चालवण्याचा भार या काळात मोठ्या प्रमाणात बायकांवर आला. त्यांनी धुणीभांडी केली, पापड लाटले, खानावळी वाढवल्या. आणि खानावळवाल्या बायकांची उधारी संपकऱ्यांच्या नावावर महिनोन्‌महिने अडकून पडली. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावे येतात. त्या वह्यांमधली थकबाकीही त्याच इतिहासाचा भाग आहे.

धंदा बदलायचा तर भांडवल लागते, आणि कामगाराचे भांडवल म्हणजे त्याचा हिशेब. ‘हिशेब घेणे’ हा गिरणगावातला नोकरी कायमची सोडण्याचा शब्द. १९७२ च्या कायद्यानुसार ग्रॅच्युइटी दर वर्षाला १५ दिवसांच्या पगाराने मोजत, आणि महिना २६ दिवसांचा धरत. पंधरा वर्षे नोकरी झालेल्या कामगाराला त्याप्रमाणे २२५ दिवसांचा, म्हणजे साडेआठ महिन्यांहून थोडा अधिक पगार मिळे. त्यात भविष्यनिर्वाह निधी जमेला धरला तरी उचल, सोसायटीचे कर्ज आणि संपातली देणी फेडून हातात फार उरत नसे. शिवाय ज्या वर्षात २४० दिवस भरले तेच वर्ष सलग सेवेचे पूर्ण वर्ष ठरे; बदलीची तुटक वर्षे त्यामुळे मोजणीत धोक्यात येत. तिशी-पस्तिशीचा माणूस हिशेब घ्यायला का कचरे, याचे उत्तर या आकड्यांत आहे. हिशेब घेतला की टपरी उभी राहीलही, पण पुढच्या पंचवीस वर्षांची महागाईभत्त्यासह मिळणारी मिळकत त्याच दिवशी संपे.

दुसरे भांडवल म्हणजे खोली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे चाळीतल्या खोलीचे भाडे नाममात्र होते आणि पागडीवर ती हस्तांतरित करता येई. अनेक कुटुंबांनी लालबाग-परळची खोली देऊन डोंबिवली, नालासोपारा, विरार इथे घर घेतले आणि उरलेल्या पैशांतून धंदा सुरू केला किंवा मुलीचे लग्न केले. खोली गेली की मात्र गावमंडळ, व्यायामशाळा, गणेशोत्सव, भजनी मंडळ आणि उधार देणारा वाणी ही सगळी ओळखही मागे राही. नवा धंदा ओळखीवर चालतो, आणि ओळखीची माणसेच विकून टाकलेल्या जागेभोवती राहिली होती.

१९८३ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने मुंबईतल्या १३ गिरण्यांचे व्यवस्थापन हाती घेतले. बरेच कामगार तिथे आणि खासगी गिरण्यांत परत गेले. पुष्कळांना नव्याने बदली म्हणून घेतले गेले. पंधरा वर्षांनी पुन्हा पहिल्या पायरीवर. ज्या गिरण्या उघडल्याच नाहीत त्यांच्या कामगारांना एकत्र करून दत्ता इस्वलकर यांनी १९८९ मध्ये बंद गिरणी कामगार संघर्ष समिती स्थापन केली. मागणी आधी गिरण्या सुरू करण्याची होती; पुढे ती देण्यांची आणि घरांची झाली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरणीची जमीन विकायला परवानगी देताना तिचे तीन भाग करायचे ठरवले: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये त्यात बदल झाला आणि वाटप बांधकाम नसलेल्या जमिनीपुरते उरले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कामगारांच्या आणि शहराच्या बाजूने दिलेला निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये फिरवला. दरम्यान उरलेल्या गिरण्यांत स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या. तेव्हा १९८२ चा तिशीतला माणूस पन्नाशीला आलेला होता आणि दुसरा धंदा हा प्रश्न त्याच्या मुलाकडे गेला होता. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकातले घर अशाच मुलांचे आहे. लोअर परळच्या गिरणीच्या जागी मॉल उभा राहिला तेव्हा त्याच्या दारावर गणवेश घालून उभी राहिलेली पोरे आसपासच्या चाळींतली होती.

गिरणीच्या जमिनीवर बांधलेल्या घरांची म्हाडाची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली. घरे सात हजारांच्या आत होती आणि अर्ज दीड लाखाच्या आसपास. पात्रतेसाठी १ जानेवारी १९८२ ही तारीख धरली गेली: त्या दिवशी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर नाव असले पाहिजे. पुरावा म्हणून ओळखपत्र, तिकीट क्रमांक, लाल पास, हजेरीपत्रक, भविष्यनिर्वाह निधीचा किंवा राज्य कामगार विम्याचा क्रमांक यांपैकी काहीतरी मागितले जाई. मधल्या तीस वर्षांत अर्जदाराने रिक्षा चालवली की भाजी विकली, याची नोंद त्या अर्जात कुठे करायची नव्हती. संपाच्या वेळी बत्तीस वर्षांचा असलेला कामगार आता बासष्ट वर्षांचा होता. ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवलेला पिवळा पडलेला पास घेऊन तो रांगेत उभा राहिला, आणि त्या पासावर त्याचे खाते अजून साचाखाते असेच लिहिलेले होते.